हातचा

मसाला मार्केटात एकवीस वर्षं
मी मिरचीचा हिशेब लिहिला.
बेडगी, संकेश्वरी, गुंटूर, लवंगी.
पोत्यावरचा शिक्का वाचायच्या आधी
नाकच सांगायचं कुठली गाडी लागली ते.
श्वास म्हणून मला ठाऊक होती ती शिंक,
ठसका,
आणि रुमालाच्या चार घड्या.

बीपीची गोळी अर्धीची एक झाली
तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मढवी सिस्टर म्हणाल्या,
"पहाटे समाजमंदिरात या. फी नाही.
काही करायचं नाही, नुसतं बसायचं."
नुसतं बसायचं!
मी दुसरं काय केलं होतं आयुष्यभर?

कोपरखैरणे, सव्वापाच.
सतरंजीला कालच्या हळदीचा वास,
भिंतीवर थर्माकोलचं 'शुभविवाह',
त्यातला 'शु' गळून पडलेला.
आम्ही नऊजण. एक रिक्षावाला, दोन जावा,
बाकी माझ्यासारखे, डॉक्टरनं घाबरवलेले.

"आत आणि बाहेर मिळून एक," सिस्टर म्हणाल्या.
"दहापर्यंत मोजा. चुकलात तर पुन्हा एकपासून."

मला मोजायला शिकवताय?
पाच आकडी बेरजा मी तोंडी करतो.

एक.
दोन.
तीन नंबरच्या गाळ्याची उधारी थकलीय,
शेटचा पुतण्या फोन उचलत नाही,
ऋचाची फी, गुडघा, पायावर मुंगी,
मुंगीच आहे ना,
चौतीस?
पुन्हा एक.

आठवडाभर चारच्या पुढे गेलो नाही.
चोपडीत एवढी खाडाखोड केली असती
तर दिवाळीआधीच घरी बसलो असतो.
सिस्टरना सांगितलं. हसल्या नाहीत त्या.
"चुकलो हे कळलं ना? तेवढंच काम.
दहाला कोण विचारतंय?"

मग एका बुधवारी,
बाहेर पाण्याचा टँकर मागे येत होता टूं टूं करत,
श्वास बाहेर गेला
आणि लगेच आत आला नाही.
मधे जरा जागा होती.
पेनाचं टोक कागदाला टेकायच्या आधी असते तेवढी.
कुठल्या रकान्यात लिहायची ती, कळेना.

शाळेत गुरुजी सांगायचे, हातचा बोटात धरून ठेव.
ठेवला की मी, सगळा.
शेटचं "अक्कल आहे का तुला",
भावानं न सांगता विकलेला जमिनीचा तुकडा,
आईच्या शेवटच्या दिवशी घातलेला खाडा न घालण्याचा हट्ट.
खांद्यात धरला, जबड्यात धरला,
रात्री झोपेत दातांनी धरला.
कुठल्या बेरजेत मिळवायचा होता तो, विसरूनच गेलो,
धरायचं मात्र विसरलो नाही.

"फायदा काय झाला?" बायको विचारते.
तिला पावती हवी.
गोळी आहे तेवढीच आहे.
डॉक्टर म्हणाले, दोन्ही चालू ठेवा.
रात्री मधेच जाग येते, पण आता
छताशी भांडण होत नाही.

आणि परवा, बाबाजी शेलारच्या पाठीवरनं
गुंटूरचं पोतं सटकलं, फुटलं.
गल्लीभर लाल.
माझी शिवी गळ्यापर्यंत आली, नेहमीसारखी.
मी तिला येताना पाहिलं.
एवढंच. पाहिलं.
तेवढ्यात मला ऐकू आलं
की शेलार धापा टाकतोय,
आत, बाहेर, आत,
पन्नाशीचा माणूस, सकाळपासूनची साठ पोती.
मी त्याला माझी बाटली दिली.
तो पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला.

आज सातपर्यंत गेलो.
आठवर शिंक आली,
एकवीस वर्षांची, अख्खा हॉल दणाणला.
कुणी डोळे उघडले नाहीत.
सिस्टर हळूच म्हणाल्या,
"तीही मोजा."